वारसाच्या रकान्यातलं घर

फेब्रुवारी १९४३. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग, कृष्णाकाठचं एक गाव. पुढची तीन वर्षं तुम्ही या घरातली आई आहात. अंगावर जुनेर, कपाळ मोकळं, हातात कालच्या खुरपणीचे चरे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घरात दोन मुलगे, थोरल्याची नवी बायको आणि सासू, जिला तुम्ही आत्याबाई म्हणता. हे घर कुणा एकाचं नाही. त्या काळातल्या पुष्कळ घरांच्या हकिगतींतून ते उभं केलं आहे. काळाच्या या प्रवासाचा नियम एकच: आज तुम्हाला जे ठाऊक आहे ते डोक्यात ठेवा, पण इथं कुणाला सांगता येणार नाही. युद्ध कधी संपेल, स्वातंत्र्य कधी येईल, थोरला कुठं पोचेल, हे या आईला माहीत नाही. तिच्या अंगाने जगायचं तर तुम्हीही माहीत नसल्यासारखंच जगा.

थोरला आज भरतीला निघाला आहे. वय एकोणीस. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे: सावकाराकडे गहाण पडलेला मळ्याचा तुकडा. पलटणीत शिपायाला महिना १८ रुपये मिळतात, वर जेवण आणि कपडे. सतरा वर्षांचा धाकटा दारात आडवा उभा आहे. मागच्या सप्टेंबरात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळी घातली, परशुराम घार्गे तिरंगा हातात घेऊन पडले. तेव्हापासून धाकटा रात्री उशिरा घरी येतो.

"त्यांचीच बंदूक खांद्याला लावणार तू?" तो विचारतो.

"बंदूक त्यांची असंल. मळा आपला हाय," थोरला म्हणतो.

दोघंही तुमच्याकडे बघतात. तुम्ही कुणाचीच बाजू घेत नाही. भाकरी बांधून देता. आत्याबाई उठून थोरल्याच्या तोंडावरून हात फिरवतात आणि आत जातात. त्यांचा नवरा, म्हणजे तुमचे सासरे, १९१६ साली मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होता. त्या वेढ्यात मराठ्यांच्या पलटणीही अडकल्या होत्या. २९ एप्रिलला शरणागती झाली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातल्या त्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारोंनी जीव सोडला. सासरे परत आले नाहीत. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावची ४६ माणसं त्या महायुद्धात गेली आणि त्यांच्या नावाने तिथं स्मारक उभं राहिलं. तुमच्या गावात स्मारक नाही. आत्याबाई आहेत.

तालुक्याच्या गावी थोरल्याची छाती मोजतात, वजन करतात, दात आणि डोळे तपासतात. मग कारकून त्याचा शीटरोल भरायला घेतो. नाव, बापाचं नाव, जात, गाव, टपालाचं ठाणं, अंगावरची खूण. शेवटी विचारतो, "वारस कोण?" थोरला तुमचं नाव सांगतो. बायकोचं सांगावं की आईचं, याचा विचार तो वाटभर करत होता. साऱ्या सरकारी कागदांत तुम्ही एवढ्या एकाच रकान्यात आहात. तोही रकाना तो मेला तर उघडायचा.

बेळगाव

या आईने बेळगाव कधीच पाहिलं नाही. तुम्ही मात्र वाट वाकडी करून डोकावून या.

मीटरगेजची गाडी मिरजेवरून बेळगावला जाते. मराठा पलटणींचं शिक्षणाचं ठाणं इथं १९२२ पासून आहे. या पलटणींच्या रेजिमेंटला पाचवी मराठा लाइट इन्फंट्री म्हणतात. पहाटे बिगूल होतो तेव्हा आभाळात चांदण्या असतात. पी.टी., मग कवायत, मग चांदमारी, दुपारी शाळा. शाळेत हिंदुस्थानी शिकवतात, तीही इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. गावात मोडकंतोडकं बाळबोध वाचणारा थोरला चार महिन्यांत दोन लिप्यांत नाव लिहायला लागतो. लाइट इन्फंट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची. नांगरामागून चालणाऱ्या पायांना ती जमेपर्यंत उस्ताद ओरडतो, परत फिरवतो, पुन्हा चालवतो. रात्री बराकीत पोटऱ्या तडतडतात.

आणि त्याचं वजन वाढतं. लष्करी डॉक्टरांनीच नोंदलेली ही गोष्ट आहे: खेड्यातून आलेले रंगरूट पलटणीच्या जेवणावर पहिल्या काही महिन्यांत भरतात. रोज पोटभर डाळ, भाजी, ठरलेल्या दिवशी मटण. पहिल्यांदा ताटात एवढं बघून थोरला थांबतो. घरी या घडीला कणगीत किती जोंधळा उरला आहे ते त्याला माहीत आहे. सैन्यातल्या शिक्षणाबद्दल खूप लिहिलं जातं, पण हा क्षण क्वचितच कुणी लिहिला आहे. शरीर भरत जातं आणि प्रत्येक घासाला घराची आठवण येते. शिपायाला सर्वांत आधी हेच गिळायला शिकावं लागतं.

शिक्षणाच्या अखेरीस बादशहाशी इमान राखण्याची शपथ होते. मैदानाच्या कडेला एकही आई नाही. बोलावलेलंच नाही कुणी.

जून १९४३

घरी परत या. मृग निघाला आहे. थोरला नाही आणि धाकटा असून नसल्यासारखा. मोट धरायला माणूस नाही, म्हणून सून मोट हाकते. बायकांनी नाडा धरायचा नाही असं म्हणणारे म्हातारे पारावर बसलेले असतात. तुम्ही त्यांच्यासमोरून बैल घेऊन जाता.

पलटणीतून घरी पैसे लावून दिलेले असतात. पोस्टमन दर महिन्याला मनिऑर्डर आणतो, तुम्ही अंगठा उठवता, तो रुपयाच्या कागदी नोटा मोजून देतो. पण १८ रुपयांचं मोल फेब्रुवारीत होतं ते जूनमध्ये नाही. जोंधळा महागला, रॉकेल मिळत नाही, लुगड्याच्या कापडाला रांग आहे. सरकारही धान्य उचलतं. मुंबईत याच वर्षी रेशन सुरू झालं. मळा सोडवायला म्हणून मुलगा गेला आणि त्याचा पगार पोटालाच पुरेना. हिशेब तुम्ही भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवता. सावकाराला किती दिले, बियाण्याला किती, सुनेच्या माहेरी किती. ह्या रेघा हेच या घराचं दप्तर.

७ जूनला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून लुटली. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी केलं हे, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ पुढे होते. बातमी गावात दुपारपर्यंत येते. धाकटा त्या रात्री येत नाही. दुसऱ्याही रात्री नाही. आठ दिवसांनी कुणीतरी निरोप देतं की तो कुंडलकडे आहे. कुंडल औंध संस्थानात, तिथं इंग्रजांच्या पोलिसाला हवं तसं शिरता येत नाही. तिथल्या रानात पोरं कवायत शिकतात: रांगेत उभं राहणं, काठी फिरवणं, खुणेवर थांबणं, अंधारात चालणं.

म्हणजे तुमचे दोन्ही मुलगे यंदा कवायत शिकत आहेत. एक बादशहाच्या मैदानावर, दुसरा त्याच बादशहाविरुद्ध.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या याच प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं बसवली आहेत. सावकाराचे जाच तिथं मिटतात, लग्नं गांधी पद्धतीने थोडक्या खर्चात लागतात, खबऱ्यांना कडक शिक्षा होते. तुम्ही दोन्ही सरकारांच्या नजरेत आहात. दिवसा फौजदार झडती घ्यायला येतो, तेव्हा आत्याबाई बेळगावचा लिफाफा पुढे करतात. "नातू सरकारच्या नोकरीत हाय," असं ठामपणे सांगतात. फौजदार कणगी न उचकता जातो. रात्री मागच्या परड्याशी चौघं-पाच जण येतात. त्यांना तुम्ही भाकरी आणि ठेचा देता. त्यातला एक जरा चढ्या आवाजात विचारतो, "पलटणीचा पैसा घेता तुम्ही?"

तुम्ही म्हणता, "घेते. त्याच पैशाचा जोंधळा हाय हा. खा."

तो गप्प होतो. मग खातो.

या घराला राजनिष्ठ म्हणावं की देशभक्त, असं नंतरच्या काळात विचारलं जाईल. मला तो प्रश्नच घरावर अन्याय करणारा वाटतो. या सोप्यात दोन मुलगे जिवंत ठेवण्याचं काम चाललं आहे. त्या कामाला दोन्हीपैकी कुठलंच नाव पुरत नाही. त्यात जे धैर्य लागतं ते चांदमारीच्या मैदानावर शिकवलं जात नाही.

डिसेंबर १९४३

शिक्षण संपवून थोरला रजेवर येतो. ओळखू येऊ नये इतका भरला आहे. चहा मागतो. घरात चहाची पूड नाही, सून शेजारून चिमूटभर आणते आणि गुळाचा करते. तो अंथरूण उठल्या उठल्या घडी घालतो, कोपऱ्याला कोपरा जुळवून. विहिरीवर आंघोळीच्या आधी दाढी करतो. आत्याबाई त्याच्या बुटांना हात लावून बघतात, तळ चाचपतात. "वाळूत टिकत्याल का?" एवढंच विचारतात. त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं.

रजा संपली की परमुलखात जायचं, हे त्याला माहीत आहे. कुठं, ते माहीत नाही. रजेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री धाकटा येतो. दोघे भाऊ गोठ्यात बसतात. तुम्ही दाराशी पहारा देता आणि ऐकता. भांडतील असं वाटत होतं. पण थोरला त्याला जखम कशी बांधायची ते दाखवतो आहे. मांडीवर गोळी लागली तर पट्टी कुठं आवळायची, किती वेळ ठेवायची. धाकटा त्याच्या पायावर करून बघतो. पहाटेआधी धाकटा निघतो. थोरला म्हणतो, "आये, त्याला शिव्या दिऊ नगंस. तो बी डूटीवर हाय."

१९४४

आता वाट बघणं. हे नुसतं बसून राहणं नव्हे, त्याला रोजची कामं आहेत. पोस्टमनची वेळ धरून उंबऱ्याजवळचं काम काढायचं. पत्र आलं की वाचायला शाळेतल्या मास्तरांकडे जायचं, पण सगळ्यांच्या देखत वाचून घ्यायचं नाही. उत्तर लिहून घेताना काय गाळायचं ते आधी ठरवायचं. आत्याबाईंनी हे सगळं १९१५ साली केलेलं आहे, त्या तुम्हाला शिकवतात आणि तुम्ही सुनेला. "बैल मेला ते लिवू नगं. पाऊस झाला ते लिव. सून आजारी हाय ते बरी झाल्यावर लिव."

थोरल्याची पत्रं येतात: तीर्थस्वरूप मातोश्रींस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडे सर्व खुशाल आहे, तिकडची खुशाली कळवणे. मुलुखाचं नाव नाही. ठिकाण, पलटणीची हालचाल, काहीच लिहायची परवानगी नाही. लिहिलं तर सेन्सॉर काळं करतो. पत्त्यात फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. एकदा तो लिहितो की इथल्या डोंगरात द्राक्षाचे मळे आहेत आणि बायका डोक्यावरून पाणी नेतात. ती ओळ मास्तर दोनदा वाचतात. तुम्ही सुनेला ती तोंडपाठ म्हणून दाखवता.

तुम्ही आजचे आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की ही इटली आहे. आठवी आणि दहावी हिंदी डिव्हिजन तिथं लढते आहे, दोन्हींत मराठ्यांच्या पलटणी आहेत. टपालाची उलटी बाजूही तुम्हाला ठाऊक आहे: सेन्सॉरचे अधिकारी हिंदी शिपायांची पत्रं वाचून अहवाल लिहीत होते आणि त्यांत पुन्हा पुन्हा नोंद होती की घरच्या महागाईच्या, धान्याच्या टंचाईच्या बातम्यांनी जवान अस्वस्थ होतात. म्हणजे तुमची कणगी रिकामी असल्याची खबर तिकडच्या मोर्च्यावर पोचत होती. तुम्ही बैल मेल्याचं लिहिलं नाहीत तेव्हा रात्रभर एक शिपाई नीट झोपला. त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठाच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे सेक्शन घेऊन पुढे जातात आणि जवळून मशीनगनचा मारा होतो. सेक्शनमधले सगळे पडतात. घाडगे एकटेच धावून जातात, बॉम्ब टाकतात, टॉमीगन चालवतात, गोळ्या संपल्यावर दस्त्याने शेवटच्या दोघांना पाडतात. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागतात. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर होतो. त्यांचं शरीर सापडलं नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. ते माणगाव तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले.

ही बातमी त्या वर्षाअखेरीस मास्तर वर्तमानपत्रातून वाचून दाखवतात. गावाला अभिमान वाटतो. आत्याबाई विचारतात, "त्याच्या घरी कोण हाय?" मास्तर सांगतात, बायको आहे. आत्याबाई म्हणतात, "मग तिला इचारा, यंदा पेरणी कुणी केली."

तुम्हीही हाच प्रश्न घेऊन पुढे चला. पदकाच्या मानपत्रात तो नाही.

१९४६

थोरला मुंबईच्या बंदरात उतरतो तेव्हा फेब्रुवारीत नाविकांचं बंड होऊन गेलेलं आहे. धाकट्यावरचं वॉरंट प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर मागे घेतलं जातं आणि तोही उन्हाळ्यात उजेडी घरी येतो. तीन वर्षांनी घरात दोन्ही ताटं एकदम वाढली जातात. आत्याबाई त्या दिवशी जेवत नाहीत, नुसत्या समोर बसून राहतात.

मग शिक्षणानंतरचं ते पर्व सुरू होतं, ज्याची कुणी पूर्वसूचना दिलेली नसते. थोरला चार वाजता उठतो. चांगली गोष्ट म्हणजे परड्याच्या टोकाला संडासाचा खड्डा खणतो, पाणी उकळायला लावतो, गाव हसतं तरी. नीट वाचायला शिकला आहे, तलाठ्याचा उतारा स्वतः तपासतो आणि मळ्याच्या गहाणखताचा हिशेब पहिल्यांदा सावकारासमोर बोट ठेवून वाचतो. पण शेजारच्या विहिरीचं काम निघतं, सुरुंग उडतो, आणि तो जोंधळ्याच्या पेंढ्यांमागे पालथा पडलेला असतो. उठतो तेव्हा कुणाकडे बघत नाही. सुनेला रात्री अंगावर हात ठेवायची भीती वाटते. ती तुम्हाला सांगते. तुम्ही तिला सांगता की आधी नाव घेऊन हाक मार, मग हात लाव. हा उपाय तुम्हाला कुणी सांगितला नाही. लहान मूल दचकून उठतं तेव्हा जे करतात तेच तुम्ही केलंत.

खूप दिवसांनी तो एकच गोष्ट बोलतो. टायबरच्या डोंगरात एका घरी त्यांची तुकडी दोन रात्री राहिली. म्हातारीने भाकरीसारखं काहीतरी आणि कांदा दिला. तिचा एक मुलगा मुसोलिनीच्या फौजेत गेलेला, त्याचा पत्ता नाही. दुसरा जर्मनांविरुद्ध डोंगरात लपून लढणाऱ्यांत. जर्मन आले तेव्हा तिने पहिल्याचा फोटो पुढे केला आणि दुसऱ्याला भुसाराच्या खोलीत लपवलं. "आये," तो म्हणतो, "मला तिचं बोलणं एक अक्षर कळलं न्हाई. पर सगळं कळलं."

धाकटा ऐकत असतो. तीन वर्षांपूर्वीचा वाद त्या दिवशी संपतो, कुणी हरल्याशिवाय.

आज

परत या. मोंतोने या इटलीतल्या गावात २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं. बेळगावचं मैदान अजून गाजतं आहे. आता शपथेच्या परेडला आईबाप येतात. सैन्याच्या अनेक शिक्षण केंद्रांत त्यांच्या छातीवर गौरव पदक लावलं जातं. हा बदल लहान नाही. १९४३ च्या आईला ते मैदान दिसलंही नव्हतं.

पण २०२२ पासून रंगरूट अग्निवीर म्हणून जातो, चार वर्षांसाठी. पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीचे विशीतच सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतात, पेन्शनशिवाय. सातारा, सांगली, कोल्हापूर, बुलढाणा, रायगड इथल्या हजारो घरांना पाठवण्याची सवय पिढ्यांची आहे. तरण्या वयातच परत आलेल्या शिपायाला सामावून घेण्याचं काम मात्र त्यांना आता मोठ्या प्रमाणावर करावं लागणार आहे आणि ते काम पुन्हा घरावरच सोडलं आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिपाई घडवायला सरकार मैदान, उस्ताद, दवाखाना आणि महिने देतं. परत आल्यावर त्याला पुन्हा घरात, शेतात, झोपेत बसवायचं शिक्षण सासूकडून सुनेकडे तोंडी चालत आलं आहे आणि त्याला कुणी शिक्षण म्हटलेलं नाही. तसं म्हटलं पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या अर्जाइतकीच जागा या ज्ञानाला मिळाली पाहिजे. जवान घरी यायच्या आधी त्याच्या बायकोशी, आईशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे, आणि बोलणारी बाई यातून गेलेली असली पाहिजे. अशा बाया प्रत्येक तालुक्यात आहेत.

तुमच्या घरात किंवा आळीत पलटणीतलं कुणी असेल तर त्याच्या पदकांचे फोटो आहेतच. तो नसताना पेरणी कुणी केली, पत्रात काय गाळलं, परतल्यावर पहिलं वर्ष कसं काढलं, हे त्या घरच्या बाईला विचारा आणि नाव, साल, गावासकट लिहून ठेवा. शीटरोलमध्ये वारस हा रकाना आहे. त्या वारसाने केलेल्या कामाचा रकाना आपणच जोडायचा आहे.